सहकारी बँकेच्या शाखेत केवायसी: कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे चुकते

रिझर्व्ह बँक एखाद्या नागरी सहकारी बँकेला दंड करते तेव्हा प्रसिद्धिपत्रकात कारण लिहिते. अशी पंधरा-वीस पत्रके लागोपाठ वाचली तर तीच वाक्ये फिरून येताना दिसतात: खात्यांच्या जोखीम श्रेणीचा सहामाही आढावा घेतला नाही, ग्राहकांची माहिती केंद्रीय केवायसी नोंदणीत (सगळ्या वित्तसंस्थांच्या ग्राहक-ओळखीच्या सामाईक नोंदवहीत) मुदतीत चढवली नाही, एकाच माणसाला दोन-तीन ग्राहक क्रमांक दिले. कागद कमी पडले, ही तक्रार त्यामानाने कमी वेळा येते. फायलीत झेरॉक्सचा गठ्ठा असतोच. घोळ होतो तो क्रमाचा. आधी झेरॉक्स, मग फोटो-सह्या, मग खाते क्रमांक, आणि हा माणूस नेमके काय करतो हे सगळ्यात शेवटी, तेही फॉर्मवरचा रकाना रिकामा दिसला तर.

पुढचे सगळे शाखेत खाते उघडणाऱ्या कारकुनासाठी आणि त्या फॉर्मवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. पाया म्हणजे २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, त्याखालचे २००५ चे नियम आणि रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे निर्देश. निर्देशांत वरचेवर दुरुस्त्या होतात, म्हणून इथले आकडे काउंटरमागे चिकटवण्याआधी मुख्य कार्यालयाच्या ताज्या परिपत्रकाशी एकदा ताडून घ्या.

## १. काउंटर उघडण्याआधी

टेबलावर चार गोष्टी हव्यात: ग्राह्य कागदपत्रांची एका पानाची यादी, पॅन पडताळणीचे चालू लॉगिन, आधारचा क्यूआर कोड वाचणारे ॲप आणि 'मूळ प्रत पाहिली' असा शिक्का, ज्याखाली नाव, कर्मचारी क्रमांक आणि तारीख लिहायला जागा आहे. नुसत्या शिक्क्याखालची कोंबडीच्या पायासारखी सही कोणाची, हे दोन वर्षांनी तपासणीस विचारतो तेव्हा शाखेत कोणालाच सांगता येत नाही.

माहिती भरणारा आणि मंजुरी देणारा हे दोघे वेगळे असले पाहिजेत. चार माणसांच्या शाखेत एक रजेवर गेला की त्याचा पासवर्ड दुसऱ्याकडे जातो आणि दोन्ही कामे एकाच हाताने होतात. हे थांबवा. मंजुरी देणारा नसेल तर खाते उद्या सुरू होईल, काही बिघडत नाही.

सावधान: पिग्मी एजंटाने भरून आणलेला फॉर्म म्हणजे पडताळलेला ग्राहक नव्हे. एजंट ग्राहक आणू शकतो, कागद गोळा करू शकतो. ओळख पटल्याचा निर्णय बँकेच्या कर्मचाऱ्याचाच. 'आमचे एजंट ओळखतात त्यांना' हे वाक्य फायलीत लिहिता येत नाही.

## २. आधी बोलणे, मग झेरॉक्स

कागद हातात घेण्याआधी पाच मिनिटे बोला. विचारायचे ते असे:

- काम काय करता, आणि कुठे?
- महिन्याला किंवा हंगामाला साधारण किती पैसे खात्यात येतील?
- ते कोण पाठवणार? कारखाना, दूध संघ, मालक, भाडेकरू, मुंबईतला मुलगा?
- रोख जास्त की ऑनलाइन?
- आमच्याच शाखेत खाते का?
- खाते प्रत्यक्ष कोण चालवणार?

शेवटचे दोन प्रश्न बहुतेक शाखांत विचारलेच जात नाहीत, आणि सगळ्यात जास्त कळते ते त्यांच्यातूनच. हडपसरला राहणारा आणि तिथेच काम करणारा माणूस बारामतीच्या शाखेत चालू खाते उघडायला आला, तर त्याचे कारण चांगलेही असू शकते: मूळ गाव, सासरवाडी, जुनी ओळख. कारण काय ते लिहून ठेवा.

उत्तरे ग्राहकाच्या शब्दांत लिहा. संगणकात व्यवसायाच्या यादीतून 'शेती' निवडले की काम झाले असे वाटते, पण त्या एका शब्दाचा पुढे काही उपयोग होत नाही. त्याऐवजी शेऱ्यात असे लिहा: 'अडीच एकर ऊस, कारखान्याचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत, दोन म्हशी, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी.' आता या खात्यात एके दिवशी अनोळखी कंपनीकडून आठ लाख आले, तर पाहणाऱ्याला लगेच खटकते. नुसत्या 'शेती'त आठ लाखही बसतात आणि ऐंशीही. 'गृहिणी' आणि 'इतर' यांचे तेच.

नेहमीचे एक दृश्य. विशीतला मुलगा, मागे मित्र उभा. काय काम करतोस विचारले की 'ऑनलाइन' म्हणतो. कसले ऑनलाइन, तर उत्तर मागचा मित्र देतो. मोबाइल नंबर विचारला की खिशातली चिठ्ठी काढून वाचतो. अशा वेळी भांडू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. मित्राला बाहेरच्या बाकावर बसवा, मुलाला आत बोलवा आणि तेच प्रश्न पुन्हा शांतपणे विचारा. खाते आणि सिमकार्ड चार-पाच हजारांना विकणारी मुले बहुधा गुन्हेगार नसतात. या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले तर पोलीस तुझ्या दारात येतील, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तुम्ही सांगा. अर्धे जण तिथूनच उठून जातात.

तपासा: फॉर्म न पाहता एका वाक्यात सांगता येते का, की या खात्यात कोणाकडून, किती आणि कशासाठी पैसे येणार? येत नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## ३. कोणता कागद चालतो

व्यक्तीच्या ओळखीसाठी अधिकृत वैध कागदपत्रे सहाच: पारपत्र, वाहन परवाना, आधार क्रमांक असल्याचा पुरावा, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याने सही केलेले रोजगार हमीचे जॉबकार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्ता असलेले पत्र.

या यादीत नसलेले पण सर्रास घेतले जाणारे कागद म्हणजे रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, कारखान्याचे ओळखपत्र. जोडून ठेवायला हरकत नाही, पण ओळख त्यांच्यावर उभी राहत नाही. पॅन कार्डही या सहांत नाही. ते वेगळे आणि सक्तीचे. पॅन नसेल तर फॉर्म ६० या नावाने सगळ्यांना माहीत असलेले घोषणापत्र घ्यावे लागते.

कागदावरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्यासाठी तात्पुरता आधार म्हणून दोन महिन्यांच्या आतले वीज, पाणी, फोन किंवा नळाच्या गॅसचे बिल, घरपट्टीची पावती, सरकारी निवृत्तिवेतनाचा आदेश, किंवा सरकारी खात्याने, सार्वजनिक उपक्रमाने वा बँकेसारख्या मोठ्या मालकाने दिलेले निवासस्थान वाटपाचे पत्र चालते. मात्र सध्याचा पत्ता असलेले अधिकृत कागदपत्र तीन महिन्यांत आणून द्यायचे असते. ही तीन महिन्यांची तारीख कुठेही नोंदवली जात नाही, ही सहकारी बँकांमधली फार जुनी गळती. खाते उघडतानाच संगणकात स्मरणपत्र लावा.

आधारबाबत दोन गोष्टी. सरकारी अनुदान किंवा योजनेचा लाभ थेट खात्यात घ्यायचा असेल तर आधार लागतेच. इतरांना ते ऐच्छिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. आणि लाभ घ्यायचा नसताना ग्राहकाने आधारची प्रत दिली, तर पहिले आठ अंक झाकलेले हवेत. झेरॉक्सवर पेनाने एक रेघ मारली म्हणजे अंक झाकले जात नाहीत. उजेडात धरले की वाचता येतात.

ज्याच्याकडे सहांपैकी काहीच नाही त्याला परत पाठवू नका. पालघर, नंदुरबारच्या पाड्यांवर किंवा बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीत अशी माणसे भेटतात. त्यांच्यासाठी 'लहान खाते' आहे: स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा. शिल्लक कधीही ५० हजारांवर नाही, वर्षभरात जमा एक लाखावर नाही, महिन्यात काढलेली व पाठवलेली रक्कम १० हजारांवर नाही. मुदत बारा महिने. त्या काळात अधिकृत कागदपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा. या मर्यादा संगणकात बसवलेल्या आहेत का ते आधी पाहा, कारण हाताने कोणी मोजत नाही.

## ४. नावाचा घोळ

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि कित्येक घरांत पहिले नावही बदलते. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मतदार ओळखपत्रावर तिसरेच. शाखेत दोन टोकाचे उपाय दिसतात. एक, 'ताई, आधी सगळे एक करून आणा' म्हणून परत पाठवणे. दुसरा, पांढऱ्या कागदावर 'या दोन्ही व्यक्ती मीच आहे' असे लिहून घेऊन मोकळे होणे. दोन्ही चूक.

नियम सोपा आहे. कागद दिल्यानंतर नाव बदलले असेल, तर राज्य सरकारने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची अधिसूचना जोडली की जुन्या नावाचा कागदही चालतो. लग्नपत्रिका, सरपंचाचे पत्र, वकिलाचे प्रतिज्ञापत्र एकट्याने पुरत नाही. लग्न जुने असून नोंदणी झालेली नसेल तर उशिरानेही ती करता येते. गावात ग्रामसेवक, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचे कार्यालय. राजपत्रासाठी राज्य शासनाच्या मुद्रण व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. हे दोन पत्ते कागदावर छापून काउंटरवर ठेवले तर 'सगळे एक करून आणा' ऐकून तीन खेपा घालणाऱ्या बाईची निदान दोन खेपांची पायपीट वाचते.

स्पेलिंगचा फरक ही वेगळी गोष्ट. सुनीता रोमन लिपीत एका कागदावर 'आय'ने लिहिली आणि दुसऱ्यावर दोन 'ई'ने, गायकवाडमधला 'के' एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, म्हणून नाव बदलले असे होत नाही. जन्मतारीख, फोटो आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव जुळत असेल, तर अधिकाऱ्याने तसा स्पष्ट शेरा लिहून पुढे जावे. अशा शेऱ्याला बँकेच्या केवायसी धोरणात जागा हवी; नसेल तर मुख्य कार्यालयाकडून करून घ्या.

आता जन्मतारीख. पन्नाशीपुढच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांच्या आधारवर १ जानेवारी. गंमत सोडली तर याचा अर्थ असा, की 'नाव आणि जन्मतारीख जुळली, म्हणजे तोच माणूस' हा ताळा आपल्याकडे लंगडा आहे. एकाच गावात १ जूनला जन्मलेले चार बाळासाहेब पाटील सापडतात. ग्राहक आधीपासून आपलाच आहे का, किंवा प्रतिबंधित यादीत आहे का, हे पाहताना मधले पूर्ण नाव, पॅन आणि पत्ता सोबत घ्या.

तपासा: फॉर्मवर मधले नाव आद्याक्षरात लिहिले आहे का? असेल तर पूर्ण लिहून घ्या.

## ५. कागद खरा आहे का

मूळ प्रत हातात घ्या. मोबाइलवरचा फोटो म्हणजे मूळ प्रत नव्हे. डिजिलॉकरमधून आलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज मात्र चालतो. पॅन, ते देणाऱ्या यंत्रणेच्याच पडताळणी सुविधेवर तपासा. आधारचा क्यूआर वाचा आणि पडद्यावरचे नाव-फोटो छापील कार्डाशी जुळवा. कार्डावरचा फोटो बदलता येतो, क्यूआरमधली डिजिटल सही असलेली माहिती बदलता येत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा फोटोशी ताडा. हे सांगावे लागू नये, पण सासूच्या नावावर सुनेने सही करून गेल्याची प्रकरणे होतात.

म्हाताऱ्यांचे, गवंड्यांचे, ऊसतोड्यांचे बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. 'आजी, उद्या या' हा त्यावर उपाय नाही; उद्याही उमटणार नाहीत. ओटीपी, डोळ्यांची बुबुळे, चेहऱ्याची पडताळणी किंवा साधी मूळ प्रत पाहून केलेली कागदोपत्री केवायसी, यांपैकी एक वाट निघतेच. डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून व्हिडिओ केवायसी नाकारली गेलेल्या ॲसिड हल्लाग्रस्तांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देशांत स्पष्ट केले: सारासार विचार केल्याशिवाय अर्ज फेटाळायचा नाही आणि फेटाळला तर अधिकाऱ्याने कारण नोंदवायचे. तोंडी नकार आता चालत नाही.

सावधान: आधार ओटीपीवर, समोरासमोर न येता उघडलेल्या खात्याला मर्यादा आहेत: अशा सर्व ठेव खात्यांत मिळून शिल्लक एक लाखापर्यंत, आर्थिक वर्षात जमा दोन लाखांपर्यंत, आणि एका वर्षात पूर्ण केवायसी. नाहीतर खाते बंद करावे लागते.

## ६. दुकान, भागीदारी, मंडळ: मागे कोण आहे

एकट्याच्या मालकीच्या दुकानासाठी मालकाची पूर्ण केवायसी आणि व्यवसायाचे दोन पुरावे: उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता (दुकानाचा परवाना), व्यवसायाचे उत्पन्न दाखवणारे मालकाच्या नावाचे आयकर विवरण वगैरे. लहान दुकानांना हल्ली गुमास्ता परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना दिल्याची पावतीच मिळते. ती अर्ज भरला की निघते, दुकान कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे पावतीवर विसंबू नका. दोन पुरावे मिळणे खरोखर शक्य नसेल तर एक चालतो, पण मग जागेवर जाऊन पाहणे सक्तीचे. गेलात तर दुकानाचा बोर्ड, माल आणि शेजारचा दुकानदार या तिन्ही गोष्टी पाहा. शटरवर फक्त खडूने नाव लिहिलेले असेल तर तेही शेऱ्यात लिहा.

भागीदारीत आणि कंपनीत विचारायचा प्रश्न एकच: शेवटी पैसा कोणाचा? भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेली प्रत्येक हाडामांसाची व्यक्ती ही लाभार्थी मालक, आणि तिची ओळख पडताळावी लागते. पूर्वी ही मर्यादा कंपनीला २५ आणि भागीदारीला १५ टक्के होती; २०२३ मध्ये दोन्हींना १० झाली. जुन्या छापील फॉर्मवर अजून जुनेच आकडे दिसतात. चार भागीदार ४०, ४०, १२ आणि ८ टक्क्यांचे असतील, तर जुन्या फॉर्मप्रमाणे दोघांचीच केवायसी होते आणि १२ टक्केवाला निसटतो. कंपनीची मालक दुसरी कंपनी असेल तर तिच्याही मागे जा, माणूस सापडेपर्यंत.

विश्वस्त संस्थेत स्थापणारा, विश्वस्त आणि १० टक्के किंवा अधिक लाभ असलेले लाभार्थी पाहायचे. ना-नफा संस्था असेल तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर तिची नोंद आहे का पाहा. नसेल तर ती करणे बँकेची जबाबदारी.

नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळासारख्या समूहाला मर्यादा १५ टक्क्यांची, पण तिथे कोणाचा हिस्सा असा नसतोच. मग कारभार पाहणाऱ्या प्रमुख पदाधिकाऱ्यांना लाभार्थी मालक धरायचे. कागदावर अध्यक्ष एक आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारा दुसराच, हे गावात सगळ्यांना माहीत असते. तुम्हालाही माहीत असेल तर ते टिपणात आले पाहिजे.

बचत गटाच्या बाबतीत उलट चूक होते. बायकांच्या गटाचे बचत खाते उघडताना वीसच्या वीस सदस्यांची कागदपत्रे मागितली जातात. गरज नाही. पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. सगळ्यांची पडताळणी कर्ज देताना करता येते.

## ७. यादी आणि जोखीम

खाते सुरू करण्याआधी नाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालच्या याद्यांशी ताडा. याद्या बदलत राहतात, म्हणून जुन्या ग्राहकांचीही जुळणी रोज व्हायला हवी. ते काम शाखेचे नाही, संगणक विभागाचे, पण होते का ते विचारत चला.

मग श्रेणी: कमी, मध्यम, जास्त. संगणक आपोआप 'कमी' टाकतो आणि तेच राहते, ही इथली मुख्य चूक. दुसऱ्या पायरीत लिहिलेली उत्तरे इथे उपयोगी पडतात. रोखीचा धंदा, जमीन-खरेदीविक्रीची दलाली, सोन्याचांदीचा व्यापार, मागे कोण ते स्पष्ट नसलेली संस्था हे वरच्या श्रेणीकडे झुकते. गरिबी हे जोखमीचे कारण नव्हे. झोपडपट्टीचा पत्ता पाहून 'जास्त' टाकणारे अधिकारी आहेत, आणि तेच बिल्डरला 'कमी' देतात.

रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत राजकीयदृष्ट्या प्रभावी व्यक्ती म्हणजे परकीय देशाने महत्त्वाचे पद सोपवलेली व्यक्ती. नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य त्यात बसत नाही. त्यांची श्रेणी बँकेने आपल्या धोरणाने ठरवायची. बँकेचे संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांच्या खात्यांनाही हाच न्याय लावा, जरी ते लिहिताना हात अडखळला तरी.

श्रेणी ग्राहकाला सांगायची नाही. दर सहा महिन्यांनी आढावा, आणि तो घेतल्याची तारीखवार नोंद.

## ८. नोंद चढवणे

नवीन ग्राहक क्रमांक देण्याआधी शोध घ्या: पॅनने, मोबाइलने, नावाने. पूर्ण केवायसी असलेल्या ग्राहकाला त्याच बँकेत दुसरे खाते हवे असेल तर नव्याने सगळे करायची गरज नाही, जुन्याच क्रमांकाखाली उघडा. खाते सुरू झाल्यापासून दहा दिवसांत माहिती केंद्रीय केवायसी नोंदणीत गेली पाहिजे. तिथून १४ अंकी ओळख क्रमांक मिळतो, तो ग्राहकाला कळवा.

तपासा: हाच मोबाइल नंबर आणखी किती ग्राहकांना लावला आहे? एका घरातली तीन-चार माणसे समजू शकतात. आडनावे आणि गावे वेगळी असलेली अकरा खाती एकाच नंबरवर असतील तर नंबर एजंटाचा तरी आहे, किंवा खाती भाड्याने घेणाऱ्याचा.

## ९. खाते सुरू झाल्यावर

पहिले सहा महिने नजर ठेवा. भाड्याने दिलेल्या खात्याची चाल ओळखू येते: सुरुवातीला एक रुपया किंवा दहा रुपयांची चाचणी, मग काही दिवस शांत, मग एका दुपारी वेगवेगळ्या राज्यांतून यूपीआयने येणाऱ्या रकमा आणि दहा मिनिटांत सगळे पुढे पाठवलेले किंवा दूरच्या शहरात एटीएममधून काढलेले. शिल्लक जवळपास शून्य. बंद पडलेले खाते मोबाइल नंबर बदलून अचानक चालू करणे हीसुद्धा तीच गोष्ट. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरच्या तक्रारीतून पोलिसांचे पत्र येते तेव्हा पैसे बहुधा निघून गेलेले असतात.

रोखीचे दहा लाखांवरचे व्यवहार, तसेच प्रत्येकी दहा लाखांच्या आतले पण एकमेकांशी जोडलेले आणि महिन्यात मिळून दहा लाखांवर गेलेले व्यवहार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचे असतात. हा अहवाल यांत्रिक आहे. तो गेला म्हणजे संशयाचे काम झाले, असे समजू नका.

## १०. पुन्हा केवायसी

जास्त जोखमीला दोन वर्षांनी, मध्यमला आठ, कमीला दहा. जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या खात्यांची दहा वर्षे एकदम भरली आणि शाखांमध्ये रांगा लागल्या. जून २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे मुदतीआधी तीन सूचना आणि मुदत टळल्यावर तीन स्मरणपत्रे द्यायची, दोन्ही वेळा किमान एक टपालाने. फक्त एसएमएस पाठवून खाते गोठवले तर चूक बँकेची.

काहीच बदललेले नसेल तर ग्राहकाचे तसे स्वतःचे घोषणापत्र पुरे. पुन्हा आधार-पॅनच्या झेरॉक्स मागू नका. फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याचे घोषणापत्र घ्या आणि दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा जाऊन खात्री करा.

काउंटरवर सध्या तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने मागितल्या जातात. 'केवायसी करायचीय' म्हणणाऱ्या ताईला बँकेची केवायसी हवी असते, की अनुदान जमा होण्यासाठी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत आधार या खात्याला जोडायचे असते, की लाडकी बहीण योजनेच्या संकेतस्थळावरची ई-केवायसी? तिसऱ्या कामाचा बँकेशी संबंध नाही. आणि दुसरे काम खात्याला आधार क्रमांक 'अपडेट' करण्याने होत नाही. लाभ कोणत्या बँकेत जमा व्हावा याची वेगळी संमती लागते. आधी विचारा, कशाचे पैसे अडलेत? मग कोणते काम ते आपोआप कळते.

## ११. संशय आला तर

शाखेने थेट बाहेर कळवायचे नाही. टिपण मुख्य कार्यालयातल्या प्रधान अधिकाऱ्याकडे, म्हणजे वित्तीय गुप्तवार्ता विभागाला अहवाल पाठवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. संशय पक्का झाला की त्याचा अहवाल विनाविलंब गेला पाहिजे, म्हणजे शाखेकडे दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नाहीत. टिपणात विशेषणे नकोत. 'ग्राहक संशयास्पद वाटतो' याने काही कळत नाही. 'फॉर्मवर मासिक पगार १४ हजार. तीन दिवसांत ३७ वेगवेगळ्या खात्यांतून ६ लाख ४० हजार जमा. त्याच दिवशी दोन खात्यांत वर्ग. विचारले असता ग्राहकाने पाठवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव सांगितले नाही' याने कळते.

ग्राहकाला सुगावा लागू द्यायचा नाही, हे कायद्याने बंधन आहे. केवायसीचे आणखी प्रश्न विचारले तर त्याला कळेल असे वाटत असेल, तर प्रश्न थांबवा आणि अहवाल पाठवा. संगणकातल्या शेऱ्यात 'एसटीआर केला' (संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला) असे लिहू नका. तो शेरा दुसऱ्या काउंटरवरच्या पडद्यावर दिसतो आणि खातेदाराचा मावसभाऊ कधी कधी तिथेच बसलेला असतो. टिपणाची प्रत ग्राहकाच्या फायलीत लावायची नाही.

व्यवहार पूर्ण झालाच पाहिजे असे नाही. प्रश्न ऐकून फॉर्म अर्धा टाकून उठून गेलेला ग्राहकही यात येतो, आणि त्याचा अर्धा भरलेला फॉर्म फाडून टोपलीत टाकायचा नसतो. तारीख-वेळ लिहून, सीसीटीव्हीचे चित्रण जपायला सांगून तो त्याच दिवशी प्रधान अधिकाऱ्याकडे पाठवा.